उजवीकडची पोरगी

मीना झोपली की मी इअरफोनची डावी बाजू कानात घालते. उजवी गळ्याशी लोंबत राहते. उजवा कान मीनाचा आहे.

ती नऊ महिन्यांची असताना तापात तिला झटका आला. डोळे पांढरे झाले, ओठांचा रंग गेला, हातपाय ताठले. मिनिटभरच असेल, पण त्या मिनिटात मला तिचं नावसुद्धा आठवेना. डॉक्टर म्हणाले, काही मुलांना तापात होतं असं, पाच-सहा वर्षांची झाली की बंद होतं, घाबरायचं कारण नाही. आता ती सव्वा वर्षाची आहे. पुन्हा काही झालेलं नाही. तरी ती झोपली की मी भिंतीला टेकून अशी बसते, की तिचं पोट वर-खाली होताना दिसलं पाहिजे आणि श्वास ऐकू आला पाहिजे. धुणं धुताना नळ पूर्ण सोडत नाही. पाण्याच्या आवाजात तिचा आवाज बुडेल म्हणून.

आम्ही जालन्यात मस्तगडला राहतो, भांड्यांच्या एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर. खाली दिवसभर स्टीलचे डबे एकमेकांवर आपटतात. अंगद, माझा नवरा, एमआयडीसीत बियाण्यांच्या प्लांटवर सुपरवायझर आहे. सकाळी आठला मोटरसायकल काढतो, हंगामात यायला नऊ वाजतात. मधल्या वेळात घरात मी, मीना आणि पत्राशेड.

पत्राशेड हे बँडचं नाव. तुम्ही ऐकलं असायची शक्यता कमीच. औरंगाबादची चार पोरं, एका बंद कारखान्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये सराव करायची, म्हणून पत्राशेड. मराठी रॉक. २०१२ पासून सहा वर्षं वाजवलं, मग भांडून मोडले. अल्बम काढलाच नाही. त्यामुळे त्यांचं जे काही उरलंय ते लोकांनी कार्यक्रमात उभं राहून, मिळेल त्या मोबाइलवर धरून ठेवलेलं. कुठं अर्धं गाणं, कुठं नुसतं ड्रमचं, कुठं गाण्यापेक्षा शिट्ट्याच जास्त. ही सगळी रेकॉर्डिंग गोळा करणाऱ्यांचा व्हॉट्सॲपवर एक ग्रुप आहे. 'पत्राशेड लाइव्ह'. एकशे ऐंशी माणसं.

तिथं दिवसभर भांडणं चालतात. नाशिकच्या शोमधलं 'शटर' हे गाणं भारी की पुण्यातलं? लातूरला गायकाचा आवाज बसला होता, पण म्हणूनच ते गाणं जास्त लागतं, की उगाच? नांदेडचा रामकिसन, वयानं जरा मोठा, शाळेत शिक्षक, लांबलचक लिहितो. "लातूरच्या शोला मी स्वतः हजर होतो. पाऊण तास वीज नव्हती. लोक मोबाइलचे टॉर्च लावून बसले होते. आलेला एकही माणूस उठून गेला नाही. ही गोष्ट रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येत नाही, परंतु माहीत असावी." त्यावर संभाजीनगरचा मिथुन हमखास लिहिणार, "सर, तुम्ही प्रत्येक शोला हजर होते. शाळेत कधी हजर होते?"

मी ते सगळं वाचते. एखादं रेकॉर्डिंग आलं की मीनाच्या दुपारच्या झोपेत ऐकते. दोन वर्षांत मी फक्त एकदा मत दिलं होतं, काही महिन्यांपूर्वी. नाशिकच्या शोबद्दल सगळे जण दोन गिटारांच्या सवाल-जवाबाचं कौतुक करत होते, आणि मला तर एकच गिटार ऐकू येत होतं. मी लिहिलं, "यात दुसरं गिटार नाहीच. एकच जण वाजवतोय आणि मध्ये मध्ये थांबतोय."

मिथुननं लगेच पकडलं. "ए.जे. भाऊ, एक कान घाण ठेवलाय का? दुसरं गिटार उजवीकडं आहे. आयुष्यभर अर्धंच ऐकलं का रे येड्या?"

पुढं चाळीस माणसं हसली. तीन दिवस माझं नाव 'एककानी' पडलं होतं.

मी ए.जे. कशी, ते सांगते. हॉस्टेलवर दोन आकांक्षा होत्या. एक बीडची, एक मी. मी आकांक्षा जाफराबाद. त्याचं ए.जे. झालं आणि फोनवर तेच नाव राहिलं. फोटो म्हणून पत्र्याच्या शेडचं चित्र. त्यामुळे मी भाऊ. मी ते कधी दुरुस्त केलं नाही. खरं सांगायचं तर त्या तीन दिवसांत मला फार बरं वाटलं. कितीतरी महिन्यांनी मला कुणी येड्या म्हणालं होतं. बाकी सगळीकडे मी मीनाची आई आहे. दवाखान्यात, लसीकरणाला, खालच्या भांडेवाल्याकडेसुद्धा. मीनाची आई, दूध पिते का बरोबर? मीनाची आई, जपा हं.

सोमवारी बद्रीनाथची सूचना आली. बद्रीनाथ पुण्याचा, ग्रुप त्याचाच. कुणीतरी ग्रुपवरची रेकॉर्डिंग उचलून स्वतःच्या नावानं यूट्यूबवर टाकली होती, त्यावर भडकून त्यानं लिहिलं होतं: "ज्यांनी आजवर एकही रेकॉर्डिंग दिलेलं नाही, त्यांना मी ओळखत नाही. रविवारी संध्याकाळी अशा सगळ्यांना काढणार. नुसतं घेणारे नकोत."

मी ते तीनदा वाचलं. मग उठून डाळीचा कुकर लावला. मग पुन्हा वाचलं.

ग्रुप गेला तर काय जाणार, असं मी स्वतःला विचारून बघितलं. काही नाही. दुपारचे दोन तास. पण त्या दोन तासांवर बाकीचे अकरा उभे होते, हे मला तेव्हा कळलं.

माझ्याकडे एक रेकॉर्डिंग होतं. साधंसुधं नाही, लॉनचा शो. जानेवारी २०१६, औरंगाबादच्या बीड बायपासवर एका लग्नाच्या लॉनवर, सॅटिनचे कव्हर घातलेल्या खुर्च्या तशाच ठेवून पत्राशेड वाजली होती. शंभर माणसं असतील. ग्रुपवर हा शो म्हणजे दंतकथा. रामकिसनचं म्हणणं, त्या दिवशी 'सोळा किलोमीटर' अकरा मिनिटं चाललं आणि एरवी कधीच न म्हटलं जाणारं तिसरं कडवंही झालं. मिथुनचं म्हणणं, सर गोळ्या घेतात. पुरावा कुणाकडे नव्हता. मी पत्रकारितेच्या शेवटच्या वर्षाला होते. विभागाचा रेकॉर्डर एका दिवसासाठी मागून नेला होता, दोन छोटे माइक असलेला. पुरावा माझ्या मेमरी कार्डात होता आणि मी दोन वर्षं गप्प होते. द्यायचं तर बोलावं लागलं असतं. बोलायचं तर कोण ते सांगावं लागलं असतं.

कार्ड जाफराबादला, माहेरी होतं. मी आईला फोन लावला.

"आई, शिलाई मशीनच्या खणात बॉबिनची डबी ए, त्यात बघ. नखाएवढं काळं कार्ड."

"त्या डबीत बटनं हायेत."

"बटनांच्या खाली."

बराच वेळ खडखड झाली. "सापडलं. हे एवढंसं? ह्याच्यात काय सोनं हाये का?"

"गाणी हायेत."

"गाणी मोबाइलात न्हाईत का? पोरगी बरी ए ना? ताप न्हाई ना?"

"न्हाई. मस्त ए."

"मंग कशाला एवढी घाई करून राह्यलीस?" असं म्हणत तिनं पुंजारामच्या जीपमध्ये ते पाठवायचं कबूल केलं.

पुंजारामची जीप जाफराबाद-जालना दिवसातून दोन फेऱ्या मारते, आणि माणसांपेक्षा सामान जास्त आणते. कुणाची औषधं, कुणाचा डबा, कुणाचं विसरलेलं आधार कार्ड. बुधवारी दुपारी मी मीनाला ओढणीनं छातीशी बांधून जीपच्या थांब्यावर उभी राहिले. उन्हात तिचं डोकं तापलं, की आतून गरम आहे, ते कळेना. मी दर दोन मिनिटांनी तिच्या मानेला हात लावत होते.

पुंजारामनं शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा दिला. "आईनं सांगितलंय, झाकणात बघ म्हणून. आणि मला तीनदा सांगितलं, डबा आडवा करू नको. काय हाये हो ताई, लाडूच हायेत ना?"

झाकणाला आतून चिकटपट्टीनं कार्ड लावलेलं होतं.

फाइल मोठी होती. गुरुवारी मीनाच्या सकाळच्या झोपेपासून दुपारच्या झोपेपर्यंत ती ड्राइव्हवर चढत होती. मी स्वतः आधी ऐकली. डावीकडून, नेहमीसारखी. छान होती. गिटार जरा लांब, ड्रम घुमतात, पण स्वच्छ. ह्या आधी मी ती फक्त हॉस्टेलच्या खोलीत मोबाइलच्या स्पीकरवर ऐकली होती, आठ पोरींच्या गोंधळात. तीन वाजता मी लिंक टाकली आणि लिहिलं, "लॉनचा शो. पूर्ण. ५१ मिनिटं."

दहा मिनिटं काही नाही. मग ग्रुप उसळला.

"ए.जे. भाऊ, पाया पडतो तुझ्या."

"अरे हा माणूस दोन वर्षं अंड्यावर बसून होता."

रामकिसननं लिहिलं, "अकरा मिनिटं अठरा सेकंद. तिसऱ्या कडव्यासह. मिथुनराव, आपण काय म्हणाला होता ते सर्वांनी वर जाऊन वाचावं."

मिथुन: "सर, सॉरी. तुमच्या गोळ्या मला पण द्या."

बद्रीनाथनं लिहिलं, "ए.जे., तू कायमचा आत." मी उठून खिडकीशी गेले, परत आले, मीनाचं पोट बघितलं. वर-खाली होत होतं. मला वाटलं, झालं, वाचलो आपण.

साडेचारला मिथुन पुन्हा आला. "पण उजवीकडं ती पोरगी कोण केकाटतीय यार? पूर्ण शो. एक गाणं सोडलं नाही."

"मला वाटलं माझ्या घरात कोणी रडतंय."

"ए.जे. भाऊची आयटम असणार. भाऊनं माइक तिच्या तोंडात धरला होता."

"बेसूर पण किती कॉन्फिडन्सनं."

"ए.जे., नाव सांग. आपण तिला पुढच्या जन्मी बँडमध्ये घेऊ."

मी वाचत होते. डाव्या बाजूला तर कुणी पोरगी नव्हती. मला वाटलं पायल असेल. पायल माझी खोलीतली जोडीदारीण, त्या दिवशी माझ्याबरोबर आली होती. रेकॉर्डरचा एक माइक तिच्या ओढणीला लावला होता, एक माझ्या. मी लिहिलं, "असेल गर्दीतली कुणीतरी. लक्षात नाही."

मग खरी चर्चा सुरू झाली. बद्रीनाथ म्हणाला, पोरगी फक्त उजवीकडं आहे, डावीकडं जवळजवळ नाहीच. उजवी बाजू काढून टाकली आणि डावीच दोन्हीकडं लावली की काम झालं, थोडी खोली जाईल पण ऐकण्यालायक होईल. रामकिसननं विरोध केला. "परंतु तिसऱ्या कडव्याला गायक अडखळतो. शब्द त्या मुलीलाच येतात. ती काढली तर कडवं अर्धं राहतं. आणि एक लक्षात घ्या, आपण सगळे जण श्रोते आहोत. तीही श्रोता आहे." मिथुन म्हणाला, श्रोता म्हणजे ऐकणारा, सर. त्यावर पस्तीस जण हसले.

शेवटी बद्रीनाथनं मतदान टाकलं. दोन पर्याय: 'पोरगीसकट', 'पोरगीशिवाय'. मुदत शनिवार रात्रीपर्यंत.

शुक्रवारी सकाळी मी पायलला फोन लावला. ती मूळची जालन्याचीच, आता हैदराबादला बँकेत आहे. वर्षभरात आमचं बोलणं झालं नव्हतं.

"आकांक्षा जाफराबाद," ती म्हणाली. "बोल. मीना कशी ए?"

"बरी ए. पायल, लॉनचा शो आठवतो का? पत्राशेड?"

"तो होय. तू पावभाजी फुकट ए म्हणून मला नेलं होतं."

"होती ना पावभाजी?"

"न्हाई ना. तेच तर लक्षात ए."

"तू गात होतीस का गं त्या दिवशी? पूर्ण वेळ?"

"मी? मला त्यांचं एक गाणं येत न्हवतं. तू गात होतीस. गात म्हणजे काय, वरडत होतीस. माझा कान गेल्ता."

"मी शांत उभी होते. रेकॉर्डिंग खराब होईल म्हणून."

"हो का," पायल म्हणाली. "तू आणि शांत." ती हसायला लागली, मग मागून कुणीतरी तिला हाक मारली. "ऐक ना, काउंटरवर लाइन लागलीय. मी संध्याकाळी करते तुला. बिलकुल करते."

शुक्रवारी प्लांटला सुट्टी असते. अंगद जेवून आडवा झाला होता. मीनाला नुकतंच झोपवलं होतं. मी त्याला म्हणाले, "मला पाऊण-एक तास दोन्ही कानांनी काहीतरी ऐकायचंय. तू हिच्याकडं बघशील?"

तो उठून बसला. "ऐक की. मी हाये ना."

"तू फोन बघत बसशील."

"न्हाई बघत. हे बघ, पालथा ठेवला."

"आणि तिचं पोट..."

"वर-खाली होऊन राह्यलंय. बराबर होऊन राह्यलंय. घाल तू कानात."

मी दोन्ही बाजू घातल्या आणि खोली गेली. भांड्यांचे आवाज गेले, पंखा गेला, मीनाचा श्वास गेला. मी घाबरून लगेच एक काढली. अंगदनं मीनावरची नजर न हलवता नुसता हात वर केला, ठीक आहे असा. असं मी तीनदा काढली, तीनदा त्यानं हात वर केला. चौथ्यांदा काढली नाही.

उजवीकडे पोरगी होती.

बेसूर होतीच. मिथुन काही खोटं बोलला नव्हता. गाणं सुरू व्हायच्या आधीच ती सुरू व्हायची. शब्द विसरली तर नुसतं ला-ला करायची, पण थांबायची नाही. मध्येच कुणाचा तरी पाय पडला असावा, ती "ए, डोळे कुठंयत?" म्हणाली आणि पुढच्याच क्षणी पुन्हा गाण्यात. 'शटर'च्या शेवटी हसत सुटली. कशाला ते आता मला आठवत नाही. 'सोळा किलोमीटर'चं तिसरं कडवं आलं. बँडच्या फेसबुक पेजवर एकदा लिहिलेलं होतं, मी ते वहीत उतरवून घेतलं होतं. गायक पहिली ओळ म्हणतो आणि अडकतो. गिटार वाट बघत एकच सूर घोळवत राहतं. ती पोरगी अडकत नाही. गाव मागं सोळा किलोमीटर आणि पुढं काहीच नाही, अशी ती ओळ आहे. ती सगळं कडवं एकटी म्हणते, मोठ्यानं, जणू कार्यक्रम तिचाच आहे.

आवाज माझा आहे हे मला पहिल्या गाण्यातच कळलं होतं, तरी मी तिला ती म्हणत होते. एक्कावन्न मिनिटांत ती एकदाही गप्प होऊन कानोसा घेत नाही. दुसरीकडे कुठं काही चाललंय का, कुणी हाक मारतंय का, काही वाईट होतंय का, काहीच नाही.

संपल्यावर मी इअरफोन काढले. मीना तशीच झोपली होती. अंगदच्या पायाला मुंग्या आल्या होत्या, तो पाय चोळत होता. "झालं?" त्यानं विचारलं. "चांगलं होतं का?"

"मी होते त्यात," मी म्हणाले.

"कशात?"

मी सांगायला गेले, पण मीना कुशीवर वळली आणि आम्ही दोघंही तिच्याकडे बघायला लागलो.

पायलचा फोन संध्याकाळी आला नाही. शनिवारीही नाही. शनिवारी दुपारी मतं होती अडतीस विरुद्ध अकरा. पोरगी जाणार होती. गेली असती तरी माझं काही बिघडत नव्हतं. मी कायमची आत होते, बद्रीनाथनं लिहून दिलं होतं. त्यांनी केलेली साफ फाइल मला डाव्या कानात आधीसारखीच ऐकू आली असती. हे सगळं मला नीट समजत होतं. गप्प बसायचं, एवढंच काम होतं, आणि ते मला चांगलं जमतं.

पण साफ फाइल एकदा बाहेर गेली की लॉनचा शो म्हणजे तीच, हेही मला समजत होतं. त्या लॉनवर मग कुणीच केकाटलं नसतं.

मी लिहिलं, "ती पोरगी मी आहे. ए.जे. म्हणजे आकांक्षा जाफराबाद. काढू नका."

पाठवलं आणि फोन पालथा ठेवला. मग सरळ केला. वर दिसत होतं, मिथुन टाइप करतोय. मग ते गेलं. पुन्हा आलं, पुन्हा गेलं. एकशे ऐंशी माणसांच्या ग्रुपवर सात मिनिटं कुणी काही बोललं नाही. असं मी तिथं कधी पाहिलं नव्हतं.

पहिला बद्रीनाथ आला. "सॉरी ताई. माहीत नव्हतं. मतदान रद्द करतो."

मग एकामागून एक.

"सॉरी ताई 🙏"

"ताई, मस्करीत बोललो, मनावर घेऊ नका."

"खूप छान गायलात ताई."

मिथुननं आपले जुने मेसेज खोडले. आयटमचा, केकाटण्याचा, श्रोत्याचा. 'हा मेसेज डिलीट केला आहे' अशा करड्या ओळींची रांग लागली. सगळ्यात शेवटी त्यानं नाशिकच्या शोवरचा तो मेसेजही शोधून काढायचा प्रयत्न केला असावा. पण काही महिन्यांपूर्वीचं खोडता येत नाही, तो तेवढा राहिला. त्यानं लिहिलं, "ताई, तुम्हाला येड्या म्हणालो होतो. माफ करा."

मी लिहिलं, "अरे चालतं." त्यावर दोन जणांनी हात जोडले.

रविवारी संध्याकाळी बद्रीनाथनं एकसष्ट माणसं काढली. मी राहिले. लॉनचा शो पोरगीसकट ठेवला गेला. त्यावर खरं मत कुणीच दिलं नाही. इतक्या वर्षांनी मिळालेलं रेकॉर्डिंग, ड्रम कुठं घसरतात, गिटार कुठं चुकतं, एरवी आठवडाभर रणकंदन झालं असतं. आता सगळे म्हणाले, अप्रतिम. रामकिसनसुद्धा. "ताई, आपले आभार मानावेत तेवढे थोडे."

पुढच्या बुधवारी कुणीतरी सोलापूरच्या एका शोचा तुकडा टाकला. गायक जोरात होता, पण बाकीचे सगळे त्याच्यामागं फरफटत होते. मी मुद्दाम लिहिलं, "पत्राशेडचा आजवरचा सगळ्यात भारी शो हाच. पुणे-नाशिक सगळं याच्यापुढं पाणी."

एवढं लिहिल्यावर पूर्वी माझं काही खरं नव्हतं. मी वाट बघत बसले. मीना झोपेत ओठ हलवत होती. वीस मिनिटांनी एकानं अंगठा टाकला. मग रामकिसन: "ताईंचं निरीक्षण विचार करण्यासारखं आहे."

थोड्या वेळानं मिथुनचा मेसेज आला. "अरे हा कचरा तिकडं टाक ना, इथं ताई आहेत, काही बोलता पण येत नाही."

चार सेकंद तो होता. मग करडी ओळ आली.

मी बराच वेळ त्या ओळीकडे बघत होते. तिकडं. म्हणजे त्यांनी दुसरीकडं बिऱ्हाड हलवलं होतं. तिकडं भांडणं चालू असणार. रामकिसनची शाळा निघत असणार, कुणाला तरी येड्या म्हणत असणार, सोलापूरच्या ड्रमवाल्याची आई-बहीण काढत असणार. इथं उरली होती एक सभ्य, झाडून काढलेली खोली, आणि तिच्यात मी.

मी बद्रीनाथला वेगळा मेसेज केला. "तिकडं मलाही घ्या."

त्याचं उत्तर लगेच आलं. माणूस वाईट नाही. "ताई, गैरसमज नको. तिकडं पोरं काहीही बोलतात. भाषा घाण असते. तुम्हाला नाही आवडणार."

मी लिहिलं, "दोन वर्षं तेच ऐकत होते. तेच आवडत होतं."

निळ्या खुणा आल्या. वर 'टाइप करतोय' आलं, गेलं. खाली भांड्यांच्या दुकानात कुणीतरी पिंप घरंगळवत होतं, तो आवाज जिन्यापर्यंत येऊन थांबला. मी सोलापूरचा तुकडा पुन्हा लावला, या वेळी उजवी बाजू कानात घालून. डावी गळ्याशी सोडली आणि वळून बसले, मीना डाव्या हाताला येईल अशी. उजवीकडं फक्त लोक होते. टाळ्या, खोकला, कुणीतरी कुणाला तरी लांबून हाक मारत होतं आणि तो ओ देत नव्हता.